लूव्हँ की लायडन?

लाखो नोडचं (बिंदूंचं) नेटवर्क समोर आलं आणि त्यात आपापसांत घट्ट जोडलेले गट शोधायचे असले, की हात आधी लूव्हँ या पद्धतीकडे जातो. २००८पासून ती पद्धत रुळलेली आहे, नेटवर्कएक्स या पायथन लायब्ररीत तयार मिळते आणि वेगाबद्दल तक्रारीला जागा नाही. गर्व्हन-न्यूमन ही कडा (नोडांमधल्या जोडण्या) एकेक काढत गट वेगळे करणारी पद्धत इथे धरूच नका. दर कडा काढल्यावर बिट्वीननेस (कडेवरून किती लघुतम मार्ग जातात ते) पुन्हा मोजणं काही हजार नोडांपुढे झेपत नाही.

लूव्हँची एक खोड मात्र डोक्यात जाते. समजा, गटाचे दोन तुकडे एकाच नोडमुळे जोडलेले आहेत. त्या नोडला शेजारच्या गटात जास्त मॉड्युलॅरिटी (गटांच्या आत अपेक्षेपेक्षा किती जास्त कडा आहेत याचं माप; लूव्हँ तेच वाढवत जाते) मिळाली की तो तिकडे जातो. मागच्या दोन तुकड्यांत आता एकही कडा नाही, तरी लेबल एकच. तुकड्यातल्या कुणालाही एकट्याने हलणं परवडत नाही, कारण त्याचे शेजारी तिथेच. पुढच्या टप्प्यात अख्खा गट आकसून एक नोड होतो आणि तो फोडायची सोय संपते. ट्राग, वॉल्टमन आणि व्हॅन एक यांच्या २०१९च्या प्रयोगांत असे तुटलेले गट १६ टक्क्यांपर्यंत निघाले. खात्री करायची तर प्रत्येक गटाचा सबग्राफ (फक्त त्याचे नोड आणि त्यांच्यातल्या कडा) काढून जोडलेले घटक मोजा; एकाहून जास्त निघाले तर गट तुटलेला. तुटलेले गट नंतर वेगळे करता येतात म्हणा, पण एखाद्या कडेवर लोंबकळणारे तसेच राहतात.

लायडन ही लूव्हँची सुधारित आवृत्ती नोड हलवून झाल्यावर, आकसण्याआधी, प्रत्येक गट आतून पुन्हा तपासते. शिवाय शेजार बदललेल्याच नोडांकडे वळत असल्याने सहसा लवकर आटपते. माझा कल अर्थातच इकडे. नुसतं चित्र रंगवायचं असेल तर लूव्हँनेही भागेल.

मॉड्युलॅरिटीचा दोष मात्र लायडननेही जात नाही: एकूण २० लाख कडा असतील, तर २,०००पेक्षा कमी अंतर्गत कडांचा गट म्हणजे दोन-तीन चिकटलेले गट असू शकतात. त्यावर उतारा सीपीएम (कॉन्स्टंट पॉट्स मॉडेल), म्हणजे मॉड्युलॅरिटीऐवजी वापरायचं दुसरं माप. त्यातलं रेझोल्यूशन म्हणजे गटाच्या आतल्या घनतेची (शक्य कडांपैकी किती प्रत्यक्षात आहेत याची) किमान अट.

पायथनच्या आयग्राफ लायब्ररीत लायडनचं मूळ सेटिंग हेच सीपीएम, रेझोल्यूशन १. वजन नसलेल्या नेटवर्कवर ते तसंच चालवलं तर जवळपास प्रत्येक नोड स्वतःचाच गट होऊन बसतो, आणि दोष लायडनच्या माथी येतो. एकतर मॉड्युलॅरिटी स्पष्ट मागा, नाहीतर रेझोल्यूशन नेटवर्कच्या घनतेच्या आसपास ठेवून हळूहळू वाढवा. सीड (यादृच्छिक निवडींची सुरुवात ठरवणारा आकडा) मात्र लूव्हँ आणि लायडन दोन्हीकडे बदलून पाहा. दहा वेळा चालवून जे नोड दरवेळी गट बदलतात, त्यांच्यावर निष्कर्ष उभा करू नका.

कडांना दिशा असेल आणि प्रवाह महत्त्वाचा असेल, उदाहरणार्थ संदर्भांचं जाळं, तर या दोघांआधी इन्फोमॅप ही प्रवाहावरून गट शोधणारी पद्धत चालवून पाहा.