परळी खोऱ्यात फोरजी राउटरला पॅनेल अँटेना: पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

जुन्या काड्यांच्या अँटेनात पाणी शिरून तो गेला, तेव्हा त्याच्या जागी दोन केबलींचा पॅनेल बसवला. सज्जनगडाच्या पायथ्याचा अख्खा पावसाळा आणि पुढची थंडी त्याने काढली आहे, म्हणून आता खात्रीने लिहितो.

खोक्यावरच्या डीबीआयला, म्हणजे अँटेना सिग्नल किती वाढवतो त्या आकड्याला, भुलू नका. वीतभर पॅनेलवर ३५ डीबीआय छापलेलं असेल तर ते खोटं आहे; या आकाराला खरे ८ ते १० मिळाले तरी खूप झालं. त्यातलंही केबल खाते. आरजी-५८ ची (साधी बारीक) १० मीटर केबल १८०० मेगाहर्ट्झला सात-आठ डीबी गिळते, मग अँटेना लावला काय नि न लावला काय. एलएमआर-४०० ही जाड केबल तेवढ्याच लांबीत दोनच्या आसपास घेते. महाग पडते, पण पैसे घालायचे ते इथेच. राउटर गच्चीच्या जिन्यात आणून केबल ५ मीटरवर आणता आली तर आणखी उत्तम.

ही जाड केबल थेट राउटरला लावू नये, वजनाने सॉकेट सैल होतं. मध्ये छोटी पिगटेल, म्हणजे बारीक लवचीक जोडकेबल, घ्या आणि तिचं टोक डोळ्यांनी तपासा. फोरजी राउटरच्या आट्यांच्या (एसएमए) सॉकेटमध्ये मधोमध भोक असतं, म्हणजे पिगटेलला पिन हवी. दुकानात वायफायचं, पिनेऐवजी भोक असलेलं आरपी-एसएमए टोक सर्रास हातात देतात. ते आट्यांवर घट्ट बसतं, पण आत दोन्हीकडे भोकंच. संपर्क होतच नाही आणि खापर अँटेनावर फुटतं.

दिशा लावताना फोनच्या दांड्या पाहू नका. राउटरच्या सेटिंगच्या पानावर आरएसआरपी (सिग्नलचा जोर; उणे आकडा जितका शून्याजवळ तितका बरा) आणि एसआयएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती स्वच्छ; जितका जास्त तितका बरा) दिसतात, त्यात एसआयएनआर महत्त्वाचा. पॅनेल थोडा फिरवायचा, मिनिटभर थांबायचं, आकडा लिहायचा. डोंगराआड गेलेल्या जवळच्या टॉवरपेक्षा लांबचा, पण समोर दिसणारा टॉवर बऱ्याचदा चांगला चालतो. इथे आरएसआरपी उणे १०८ वरून उणे ९७ वर आला, एसआयएनआर ३ वरून १२ वर. व्हिडिओ कॉल तुटायचे थांबले ते या दुसऱ्या आकड्यामुळे. रात्री टॉवरवर गर्दी झाली की वेग मात्र उतरतोच, त्याला अँटेना काही करू शकत नाही.

पाणी शिरतं ते जोडातून. अँटेनाकडचा एन-टाइप (जाड केबलचा, आट्यांचा) जोड आवळल्यावर त्यावर सेल्फ-अमॅल्गमेटिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी) रबर टेप ताणून, खालून वर, निम्मी निम्मी चढवत गुंडाळा. त्यावर साधी काळी टेप, नाहीतर उन्हाने रबर तडकतं. पॅनेलच्या खालच्या कडेचं बारीक भोक बुजवू नका, आतला दमटपणा तिथूनच निघतो. भिंतीत शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच गळून जाईल.

पाइप दीड इंची जीआय घ्या. हलका पाइप वाऱ्याने पिळतो आणि दिशा सरकते. त्याला अर्थिंग हवंच, आणि वळवाच्या विजा सुरू होण्याआधीच राउटरकडची टोकं काढून ठेवलेली बरी.

फाइव्हजीसाठी हाच पॅनेल घेणार असाल तर आधी राउटरची सॉकेट मोजा. चार असतील तर दोन केबलींचा अँटेना अपुरा पडेल.