गोव्यात एचडी डिश: महिन्याचं पॅक घ्यावं की फ्री डिश?

चवथीच्या तोंडावर घरात नवा टीव्ही येतो. 43 इंची, फोर-के. त्याला जुनाच एसडी, म्हणजे साध्या चित्राचा, बॉक्स त्याच लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरीने जोडला जातो आणि मालिकेतले चेहरे पाण्यात बुडाल्यासारखे पुसट दिसायला लागले की दोष टीव्हीवर येतो. एसडी चित्र 720 बाय 576 ठिपक्यांचं असतं, एचडी 1920 बाय 1080 चं, म्हणजे बरोबर पाचपट ठिपके. त्या तीन रंगांच्या वायरीतून एचडी जातच नाही. एचडी हवं असेल तर बॉक्स एचडीचा लागतो, वायर एचडीएमआयची लागते आणि पॅकमध्ये वाहिनीही एचडी निवडलेली असावी लागते. या तिन्हीपैकी एक जरी राहिलं तरी बाकीचा खर्च वाया. 32 इंची टीव्ही हॉलच्या दुसऱ्या टोकाला बसून बघणाऱ्यांना फरक कमी जाणवेल. त्यांनी घाई नाही केली तरी चालेल.

दुकानात गेल्यावर आपण आधी पॅकची किंमत विचारतो. गोव्यात मात्र आधी घराभोवतीचे माड बघायला हवेत. डीटीएचचे, म्हणजे घरच्या डिशवर थेट वाहिन्या पाठवणारे, उपग्रह विषुववृत्ताच्या वर एकाच रांगेत असले तरी प्रत्येक कंपनीची जागा वेगळी आहे. टाटा प्ले 83 अंश पूर्व रेखांशावर. 2022 मध्ये सोडलेला जीसॅट-24 हा अख्खा उपग्रह त्यांच्याच वापरासाठी दिलेला आहे. दूरदर्शनची फ्री डिश 93.5 अंशावरच्या जीसॅट-15 वरून येते. डिश टीव्ही 95 वर, तर एअरटेल इतकी वर्षं 108.2 वर.

पणजीतून पाहिलं तर याचा अर्थ असा: फोनच्या होकायंत्रात उत्तरेपासून मोजत टाटा प्लेसाठी साधारण 149 अंशांकडे तोंड करायचं, म्हणजे दक्षिणेकडे झुकलेली आग्नेय दिशा, आणि नजर क्षितिजापासून जवळजवळ 69 अंश वर. फ्री डिशसाठी 127 अंश आणि उंची 61. एअरटेलसाठी 111 अंश, पूर्वेच्या थोडं दक्षिणेला, आणि उंची फक्त 47. पेडण्यापासून काणकोणपर्यंत यात एखाद्या अंशाचाच फरक पडेल.

आता हे माडांना लावून बघा. डिशपेक्षा 15 मीटर उंच माड त्याच दिशेला असेल, तर एअरटेलसाठी तो किमान 14 मीटर दूर हवा. टाटा प्लेला 6 मीटरही पुरतात. कुळागरात, झाडांच्या गर्दीत असलेल्या घराला म्हणूनच उंचावरचा उपग्रह बरा. फ्लॅटमध्ये हेच गणित उलटं होतं. पर्वरीत किंवा मडगावात पूर्वेच्या बाल्कनीत डिश लावायची असेल तर वरच्या मजल्याचा स्लॅब 69 अंशांची वाट अडवतो. 47 अंशांचा उपग्रह मात्र कठड्यावरून मोकळा दिसतो. गच्ची मोकळी असेल तर हा प्रश्नच उरत नाही, मग पॅक बघून ठरवा. एक लक्षात ठेवा, घरगुती डिशचा एलएनबी, म्हणजे सिग्नल पकडणारा पुढचा डबा, खालच्या बाजूने पुढे आलेला असतो, त्यामुळे डिश जिथे बघते आहे असं वाटतं त्यापेक्षा बरंच वरचं आकाश ती धरते. शेजाऱ्याच्या डिशकडे बघून अंदाज बांधू नका.

पैसे भरायचे की फुकटची घ्यायची, हे तुम्ही काय बघता यावर सरळ ठरतं. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी एचडीत हव्या असतील तर पैसे भरूनच मिळतात, तिथे फ्री डिशचा विचारच नको. फ्री डिशला एकदाच खर्च, पुढे रिचार्ज नाही. खासगी वाहिन्या तिथे लिलावाने येतात आणि जातात, त्यामुळे आज दिसणारी आवडती वाहिनी पुढच्या वर्षी असेलच असं नाही. एचडीत जे मिळतं ते मुख्यतः दूरदर्शनचं स्वतःचं, डीडी नॅशनल आणि डीडी न्यूजसारखं, आणि त्यासाठी एमपीईजी-4, म्हणजे चित्र दाबून पाठवायची नवी पद्धत समजणारा, बॉक्सच लागतो. बाजारात जुन्या पद्धतीचे स्वस्त एमपीईजी-2 बॉक्स अजून विकले जातात. त्यावर एचडी कधीच येणार नाही. बातम्या, सह्याद्री, 2019 पासून उपग्रहावर असलेलं डीडी गोवा आणि डीडी स्पोर्ट्सवर येणारे भारताचे सामने एवढ्यावर ज्या घरात भागतं, तिथे दरमहा पैसे भरायला मी तरी सांगणार नाही. आजी-आजोबा दोघंच राहतात अशा वाड्यावरच्या घरांना फ्री डिश उत्तम.

आता पाऊस. या सेवा केयू बँड नावाच्या आखूड रेडिओ लहरींवर चालतात आणि मोठ्या सरीचं पाणी या लहरी शोषून घेतं. उपग्रह जितका खाली, तितका लहरींचा पावसातून प्रवास लांब: 47 अंशांवर तो 69 अंशांच्या सव्वापटीहून थोडा जास्त होतो. शिवाय एचडी प्रक्षेपणाला साधारणपणे एसडीपेक्षा स्वच्छ सिग्नल लागतो, म्हणून फ्री डिशवर जुन्या एमपीईजी-2 वाहिन्या चालू असताना एमपीईजी-4 वाल्या आधी तुटतात. कंपनी सहसा 60 सेंटिमीटरची डिश देते. कोरड्या मुलखात ती पुरते. सत्तरीत, सांग्यात, जिथे घाटाला लागून पाऊस कोसळतो, तिथे थोडे जादा पैसे देऊन 90 ची बसवून घ्या. क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं आणि सिग्नल साधारण साडेतीन डेसिबलने वाढतो. ढगफुटीसारख्या पावसात तीही हरेल, पण रोजच्या सरींत फरक दिसतो. मात्र वाराही तिला सव्वादोन पट ढकलतो, म्हणून कौलांच्या वाशाला बांधून चालणार नाही. चिऱ्याच्या भिंतीत किंवा स्लॅबमध्ये अँकर बोल्ट ठोकून पाइप अगदी उभा, ओळंब्यात बसवायला सांगा. 90 ला जागा नसेल तर 75 ची घ्या, तीही 60 पेक्षा बरी.

माझ्या मते गोव्यात पैसे घालायची जागा बाहेर आहे, बॉक्समध्ये नाही. मोरजी-कळंगुटच्या बाजूला खारा वारा साध्या नटबोल्टांना लवकर गंज चढवतो. गॅल्वनाइज्ड डिश आणि स्टेनलेस बोल्ट मागून घ्या. एलएनबीच्या तोंडावरची प्लास्टिकची टोपी उन्हाने तडकते, आत ओल जाते, कधी कुंभारमाशी मातीचं घर बांधते. सगळ्यात जास्त बिघाड एफ कनेक्टरपाशी, म्हणजे वायरीच्या टोकाच्या फिरवून बसवायच्या जोडापाशी, होतो. सिग्नल गेला म्हणून तो उघडला की आतली तांब्याची तार हिरवी-काळी पडलेली आणि बाहेरची जाळी ओली सापडते. पाणी वायरीच्या आतून बॉक्सपर्यंतही उतरतं. उपाय साधा आहे: आरजी-6 (डिशची नेहमीची जाड वायर) चांगल्या जाळीची, मध्ये एकही जोड नाही, कनेक्टरवर रबराची स्वतःला चिकटणारी टेप, आणि घरात शिरण्याआधी वायरीला खाली लोंबता वळसा, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जातं. फिटिंग झाल्यावर मेकॅनिकला बॉक्सवर सिग्नलचा पडदा उघडायला लावा. स्ट्रेंथ भरलेली दिसली तरी क्वालिटीचा पट्टा कमी असेल तर त्याला परत वर पाठवा, कारण कोरड्या दिवशी चित्र चांगलंच दिसणार.

साधा एचडी बॉक्स की अँड्रॉइडवाला? घरात फायबर असेल तर अँड्रॉइडवाला, कारण पावसात डिश बंद पडली तरी त्याच रिमोटवर इंटरनेटचे कार्यक्रम चालतात. टीव्हीच स्मार्ट असेल तर साधा पुरे. काही टीव्हींत उपग्रहाचा ट्यूनर आतच येतो. त्याने फुकटच्या वाहिन्या बॉक्सशिवाय दिसतील, पण पैसे भरायच्या वाहिन्यांना कंपनीचा बॉक्स लागतोच.

दोन खोल्यांत वेगवेगळं बघायचं असेल तर पहिल्याच दिवशी दोन तोंडांचा एलएनबी लावून दोन वायरी खाली आणा. एका वायरीला साधा स्प्लिटर लावून दिलेलं दुसरं कनेक्शन बरेचदा अर्ध्या वाहिन्या दाखवतं. आणि मे महिन्यात वीज कडाडायला लागण्याआधीच बॉक्सचा प्लग आणि डिशची वायर दोन्ही काढून ठेवा.