स्टोरीवीव्हर वर्षभर वापरून: वाचणाऱ्याला ऐकणारे मिळाले

माझ्या तिसरीतला एक मुलगा मराठीचा धडा घडाघडा वाचायचा. एकदा मी त्याला म्हटलं, "आता या चौथ्या ओळीपासून वाच." तो थांबला. मग धड्याच्या पहिल्या शब्दापासून तोंडातल्या तोंडात भराभर म्हणत चौथ्या ओळीशी आला आणि तिथून मोठ्याने सुरू झाला. बोट ओळीवर बरोबर फिरत होतं, पण अख्खा धडा त्याला पाठ होता. इतके महिने मी त्यालाच प्रकट वाचन, म्हणजे मोठ्याने केलेलं खरं वाचन, समजत होते, याचं मला फार वाईट वाटलं.

तेव्हापासून मुलांनी कधी पाहिलाच नाही असा मजकूर मला रोज हवा होता. आमची शाळा द्विशिक्षकी, तिसरी-चौथी माझ्याकडे एकत्र, मुलं एकोणीस. पुस्तकपेटीतली पुस्तकं दोन महिन्यांत संपली. मग मुलांची पुस्तकं काढणाऱ्या 'प्रथम बुक्स' या संस्थेच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळाकडे वळले. ते २०१५ साली सुरू झालं, गोष्टी मोफत आहेत आणि श्रेय देऊन त्या छापायला, वाटायला, बदलायलासुद्धा खुला परवाना आहे. म्हणून पीडीएफ उतरवून छापताना शेवटचं श्रेयाचं पान मी कधीच गाळत नाही. गोष्ट कोणी लिहिली, चित्रं कोणी काढली, भाषांतर कोणी केलं, ही नावं मुलं आधी वाचतात. पुस्तक माणसं करतात हे त्यांना इथे पहिल्यांदा कळलं.

गोष्टींच्या चार पातळ्या आहेत. पहिलीत अडीचशेपेक्षा कमी शब्द, दुसरीत सहाशेपर्यंत, तिसरीत दीड हजारापर्यंत, चौथीत त्याहून जास्त. पातळी बघून निवड सोपी होते, पण जोडाक्षरं किती आहेत ते आपणच पाहायचं. शिवाय इथे कोणालाही भाषांतर करता येतं, म्हणून प्रत्येक गोष्ट छापण्याआधी मी स्वतः मोठ्याने वाचते. जिथे माझी जीभ अडखळते ती गोष्ट वर्गात नेत नाही.

आता खरा उपयोग. डी.एड.ला पाठ टाचणात, म्हणजे धडा कसा शिकवायचा त्याच्या लेखी आराखड्यात, आम्ही आधी शिक्षकाचं आदर्श वाचन, मग मुलांचं प्रकट वाचन आणि शेवटी मूकवाचन असा क्रम लिहायचो. मी तो उलटा केला. चौथीचं गणित चालू असताना तिसरीची मुलं दहा मिनिटं आपापली गोष्ट मनात वाचतात. प्रत्येकाच्या हातात वेगळी गोष्ट. सुरुवातीला ओठ हलतात, पुटपुट ऐकू येते. मी रागवत नाही. स्वतःचा आवाज कानावर पडल्याशिवाय काही मुलांना शब्द लागत नाही, आणि दिवाळीनंतर बहुतेकांची पुटपुट आपोआप थांबली.

मूकवाचन झालं की नाही हे कळायला पाच प्रश्नांची पट्टी मी देत नाही. एकच विचारते, "चित्रात नाही, पण शब्दांत आहे, असं काय सापडलं?" चित्र बघून गोष्ट रचणारं मूल इथे लगेच लक्षात येतं, आणि त्यालाही परत पानाकडे जावंसं वाटतं. या एका प्रश्नासाठी चित्रांच्या गोष्टी सोन्यासारख्या आहेत.

मग दुसऱ्या दिवशी प्रकट वाचन. वाचणारा समोर बसतो, बाकीच्यांकडे ती गोष्ट नसते. मला वाटतं, सगळा फरक इथेच पडतो. सगळ्यांसमोर तेच पाठ्यपुस्तक उघडं असलं की ऐकायचं कारणच उरत नाही. मुलं चूक पकडायला टपून बसतात. इथे पुढे काय झालं ते फक्त वाचणाऱ्याला ठाऊक असतं. तो पूर्णविराम गिळून पुढे गेला की मागून आवाज येतो, "थांब ना, कळलं नाही." विरामचिन्हं शिकवायला मला वेगळा तास लागला नाही. केंद्र सरकारच्या निपुण भारत या वाचन-गणिताच्या पायाभूत अभियानात तिसरीअखेर मिनिटाला किमान साठ शब्दांचं उद्दिष्ट आहे, तेही आकलनासह. घड्याळ लावून मुलांना पळवताना हा 'आकलनासह' शब्द सुटतो, आणि तो सुटू नये असं मला मनापासून वाटतं.

वीटभट्टीवर आलेल्या कुटुंबातली एक मुलगी डिसेंबरात वर्गात आली. घरी हिंदी, मराठी अक्षरं कशीबशी. तिच्यासाठी एकाच गोष्टीची हिंदी आणि मराठी प्रत काढली. हिंदी प्रत ती मनात वाचायची, मराठी प्रत शेजारणीला वाचून दाखवायची. एकच गोष्ट अनेक भाषांत मिळते, हा या संकेतस्थळाचा मला सगळ्यात मोलाचा वाटलेला गुण.

खर्च छपाईचा येतो. रंगीत छपाई परवडत नाही, म्हणून मी कृष्णधवल काढते आणि काळ्या-गडद चित्रांच्या गोष्टी टाळते. अक्षरं त्या चित्रांवर असली तर वाचताच येत नाहीत. पानं जाड दोऱ्याने शिवते, पिना मुलांच्या हातात टिकत नाहीत. शाळेत रेंज नसेल तर घरूनच पीडीएफ उतरवून न्या.

धडा पाठ असलेला तो मुलगा आता मिनिटाला कमी शब्द वाचतो. परवा वाचता वाचता मध्येच थांबला, मागचं वाक्य पुन्हा पाहिलं आणि म्हणाला, "बाई, हे मी चुकीचं वाचलं. परत वाचू?"