एकाच टेबलावरचे दोन कारकून, दोन संघटना

१९२०च्या दशकात जर्मनीतल्या दुकानात किंवा कचेरीत काम करणाऱ्या कारकुनासमोर संघटनेचे दोन ठळक पर्याय होते. पहिला, १८९३मध्ये हॅम्बुर्गला स्थापन झालेला डीएचव्ही (‘जर्मन राष्ट्रवादी व्यापारी कारकून संघ’) : राष्ट्रवादी, उघडपणे ज्यूद्वेष्टा आणि फक्त पुरुषांचा. ज्यूंना आणि स्त्रियांना सदस्यत्वच नाही. दुसरा, १९१९चा झेडडीए (‘कर्मचाऱ्यांचा मध्यवर्ती संघ’) : सोशल डेमोक्रॅट वळणाचा, स्त्रियांनाही सामावून घेणारा.

संख्येत डीएचव्ही बराच पुढे होता. १९३०च्या सुमारास त्याचे सदस्य ४ लाखांच्या आसपास, झेडडीएचे साधारण निम्मे. कारण फक्त विचारसरणी नव्हे. पगार गिरणी कामगाराएवढाच असला, तरी ‘आपण मजूर नाही’ ही भावना डीएचव्ही जपत होता. १९११च्या कायद्याने पांढरपेशांसाठी वेगळा विमा आला, तो या वेगळेपणावर सरकारी शिक्काच म्हणायचा. शिवाय डीएचव्हीची स्वतःची मोठी प्रकाशनसंस्था होती. झेडडीएचं म्हणणं सरळ होतं : नोकरी करणारे सगळे एकाच बाजूचे. माझ्या मते हिशेब त्यांचाच बरोबर होता, पण प्रतिष्ठेपुढे हिशेब कोण बघतो!

१९३३मध्ये नाझींनी दोन्ही संपवल्या. राष्ट्रवादी असूनही डीएचव्ही वाचला नाही. त्याचे एक नेते माक्स हाबरमान पुढे हिटलरविरोधी कटात सामील झाले आणि १९४४मध्ये अटकेनंतर त्यांनी कोठडीत जीव दिला. युद्धानंतर पांढरपेशांची डीएजी ही संघटना मुख्य कामगार महासंघाबाहेरच राहिली, थेट २००१मध्ये ‘वेर्डी’ या सेवाक्षेत्रातल्या मोठ्या कामगार संघटनेत विलीन होईपर्यंत.