सात इलेक्टर की अख्खं मतदान? निवडणुकांसाठी कोणता गेम घ्यावा

सेल लागला की आमच्या आतेभावाचा फोन येतोच. यंदा त्याचा प्रश्न नेमका होता. "दादा, लढाया तर दोन्हीत आहेत, त्या मी पाहून घेतो. निवडणुका कशात बऱ्या आहेत ते सांग. 'युरोपा युनिव्हर्सॅलिस ४' घेऊ की 'व्हिक्टोरिया ३'?" पोरगा राज्यशास्त्राचा, शिवाय दर डिसेंबरात अधिवेशनाचे मोर्चे नागपूरच्या मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला अडवलेले पाहत मोठा झालेला. फोनवर त्याला जे अर्धवट सांगितलं ते इथे नीट लिहितो. दोन्ही संगणकावर एखादा देश चालवायचे गेम; दोन्ही मी विकत घेतलेत आणि दोन्हींपायी झोप घालवली आहे. त्यामुळे हे मोजमाप नाही, सवयीतून झालेलं मत समजा. 'युरोपा'चा पाचवा भाग माझ्या लॅपटॉपला झेपत नाही, तो बाजूलाच ठेवू.

'युरोपा'तली खरी निवडणूक पवित्र रोमन साम्राज्याची, म्हणजे जुन्या जर्मन संस्थानांच्या संघाची. प्रजासत्ताकांतही दर चार वर्षांनी उमेदवार समोर येतात, पण ती निवडणूक कमी आणि नोकरीची मुलाखत जास्त वाटते. साम्राज्याचं तसं नाही. १४४४ च्या नोव्हेंबरात खेळ सुरू होतो तेव्हा सम्राट निवडणारे सात इलेक्टर असतात: माइन्झ, कोलोन आणि ट्रीरचे आर्चबिशप, शिवाय बोहेमिया, सॅक्सनी, ब्रांडेनबर्ग आणि पॅलाटिनेट. १३५६ च्या गोल्डन बुल या शाही फर्मानाने पक्की केलेली हीच ती यादी. सम्राट मेला की ज्याच्या पारड्यात जास्त मतं, तो गादीवर. कोण कोणाला मत देणार हे साम्राज्याच्या पानावर आधीच दिसतं, आणि का देणार तेही कळतं. मला हे फार आवडतं. एखाद्या छोट्या हाउसिंग सोसायटीची निवडणूक असावी तसं: सात घरं, सात तऱ्हेचे रुसवे. एकाकडे दूत पाठवा, दुसऱ्याकडे सोयरीक जमवा, तिसऱ्याशी युती करा.

पैशाच्या बाबतीत मात्र गेम इतिहासापेक्षा सोवळा आहे. १५१९ ची निवडणूक जिंकायला पाचव्या चार्ल्सच्या बाजूने साडेआठ लाखांच्या आसपास गुल्डन ओतले गेले आणि त्यातले पाच लाखांहून जास्त आउग्सबुर्गच्या याकोब फुगर या सावकाराने उभे केले. गेममध्ये भेट पाठवली की इलेक्टरची मर्जी जराशी सुधारते आणि हळूहळू ओसरते, बस. ते मी एक वेळ चालवून घेईन.

माझं दुखणं वेगळं आहे. ब्रांडेनबर्ग घेऊन खेळत होतो. पंचवीसेक वर्षं माझे दोन दूत सॅक्सनी आणि कोलोनच्या दारात बसवून ठेवले होते. शेवटी चार मतं माझी झाली. ऑस्ट्रियाचा हॅब्सबर्ग सम्राट म्हातारा, आज जातो की उद्या अशी अवस्था. आणि आधी गेला माझाच राजा. मुलगा नव्हता, मुलगी गादीवर आली. साम्राज्याच्या नियमात बाईला सम्राटपद नाही, त्यामुळे माझ्या नावावरची मतं त्याच दिवशी शून्यावर आली. दोनच महिन्यांनी म्हातारा वारला आणि मुकुट पुन्हा ऑस्ट्रियाकडे गेला.

नियम खोटा नाही. ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसालाही तो मुकुट स्वतःच्या डोक्यावर घेता आला नाही, १७४५ मध्ये तिच्या नवऱ्याला सम्राट निवडलं गेलं. मला टोचलं ते पुढचं. एकाही इलेक्टरचं मन फिरलं नव्हतं, तरी मी हरलो होतो. आणि पुढची संधी कधी? नवा सम्राट मरेल तेव्हा. तो होता विशीतला. पुढची तीस वर्षं मी राज्य करत नव्हतो, दुसऱ्याच्या घरच्या सुतकाची वाट पाहत होतो.

'व्हिक्टोरिया ३' चा काळ १८३६ ते १९३६. आपल्या भोसल्यांचं राज्य डलहौसीने १८५४ मध्ये खालसा केलं आणि तेव्हा नागपुरात कोणाला काही विचारलं नाही, ते याच शतकातलं. मताधिकार कोणाला, हाच या गेमचा मूळ प्रश्न आहे. आधी जमीनदार आणि बड्यांनाच मत, मग पैशाची अट, मग ती अट खाली, मग सरसकट सगळ्यांना. प्रत्येक पायरी हा एक कायदा आणि प्रत्येक कायद्याआड कोणीतरी उभा. निवडणूक दर चार वर्षांनी, त्याआधी सहा महिने प्रचार.

त्रास इथेही आहे, आणि तो कमी नाही. प्रचारात पक्षांचा 'मोमेंटम' वरखाली होतो, त्यात नशिबाचा भाग बराच. तुम्ही नुसते पाहत राहता. त्याहून वैताग म्हणजे जमीनदार, कारखानदार असे गट पक्षात जातात आणि मग पक्ष सरकारात घ्यायचा तर अख्खा घ्यावा लागतो. बेल्जियममध्ये मला कारखानदार हवे होते. ते जाऊन बसले जमीनदारांच्या पक्षात. आता एकाला बोलवा तर दुसरा पंगतीला येणारच. हरलेल्या पक्षाला घेऊन सरकार बनवता येतं, पण मग लेजिटिमसी, म्हणजे सरकारची वैधता, घसरते आणि कायदे रखडतात. (आपल्याकडच्या वाचकाला हे समजावून सांगायची गरज नसावी.)

तरीही या गेममध्ये हरल्यावर हातात काम उरतं. निरक्षर लोक बहुतेक राजकारणाबाहेरच राहतात. मी शिक्षणावर खर्च वाढवला, कारखाने काढले, आणि तीन-चार निवडणुकांनंतर बुद्धिजीवी आणि कामगारांचं वजन हळूहळू वाढलेलं दिसलं. ज्यांना मत नाही ते गप्प बसत नाहीत, चळवळ उभारून कायदा मागतात. टी-पॉइंटच होतो तिथे. आणि बायकांच्या मताचा कायदा तुम्हाला स्वतःला झगडून करता येतो. 'युरोपा'त पोळल्यावर हे मला जरा जास्तच भावलं असेल, तेवढी सूट धरा.

कटकारस्थान, ओळखीचे चेहरे, एकेका मताचा हिशोब, हे हवं असेल तर 'युरोपा'च घ्या; त्यात तो बहुधा आजही सरस आहे. धर्मसुधारणेनंतर इलेक्टर फुटायला लागतात तेव्हा तर भारी मजा येते. पण भावाला मी 'व्हिक्टोरिया'च सांगितला. फक्त एवढं बजावलं, की १९०० च्या पुढे खेळ रेंगाळतो, आणि मे महिन्यात लॅपटॉप कूलरसमोर ठेवल्याशिवाय सुरूच करू नको.

"आन् युरोपा?" त्याने विचारलंच.

"तो घरी येऊन खेळ. ब्रांडेनबर्गची सेव्ह आहे अजून. पोरगी चांगली चालवून राहिली राज्य."