४के मॉनिटर, निळं सॉकेट आणि सोळा हजारांचं नकली कार्ड

मागच्या पट्टीवर निळं, पंधरा छिद्रांचं व्हीजीए सॉकेट आणि खोक्यावर छापलेलं ‘जीटीएक्स १०५० टीआय’ असं ग्राफिक्स कार्ड कुणी नवं म्हणून पुढे केलं, तर तिथेच थांबा. ग्राफिक्स चिपा बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीने २०१६ साली पास्कल पिढीच्या चिपा आणल्या, तेव्हा जुन्या अ‍ॅनालॉग मॉनिटरसाठीची सोय त्यांतून काढूनच टाकली. १०५० टीआय त्याच पिढीची. तिच्यावर व्हीजीए सॉकेट दिसलं की आतली चिप बहुधा आणखी जुनी असते. हे ज्ञान मला इंदूरच्या एका दुकानदाराने सोळा हजार रुपयांत दिलं. केबली आणि एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) यांचे पैसे वेगळे.

मी इंदूरच्या रामबागेत घरूनच लग्नाचे अल्बम डिझाइन करते. तुळशीचं लग्न झालं की आमच्या धंद्याला उसंत नसते. अल्बमचं उघडलेलं पान १२ बाय ३६ इंच. ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल धरले तर, ते १०,८०० बाय ३,६०० पिक्सेल होतं. साध्या फुल एचडी पडद्यावर असं पान पाहायचं म्हणजे सारखं आत-बाहेर झूम करायचं, आणि नवरीच्या नथीवरचा डाग छापून आल्यावरच दिसायचा. म्हणून २०२१ च्या पावसाळ्यानंतर २७ इंची ४के (३८४० बाय २१६० पिक्सेलचा) मॉनिटर घेतला आणि त्याच्यासाठी नवा कॉम्प्युटर जोडून घ्यायचं ठरवलं.

त्या वर्षी ग्राफिक्स कार्डांचा दुष्काळ होता हे अनेकांना आठवत असेल. चिपांची टंचाई, त्यात क्रिप्टोवाल्यांची खरेदी. पाच वर्षांपूर्वीचं १०५० टीआयसुद्धा नव्याच्या भावात विकलं जात होतं. मला गेम खेळायचे नव्हते, ४के पडदा साठ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला साठ चित्रं दाखवत, नीट चालला की झालं, आणि अस्सल १०५० टीआय ते काम आरामात करतं. प्रोसेसर आय-फाइव्ह १०४००एफ ठरला. इंटेलच्या नावात शेवटी ‘एफ’ असेल तर त्यात स्वतःचं ग्राफिक्स नसतं, म्हणून तो थोडा स्वस्त पडतो. मात्र मग मदरबोर्डावरचं एचडीएमआय सॉकेट शोभेचं उरतं आणि सगळी भिस्त कार्डावर येते. दुकानदाराला हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

दुकान मोठं, शटरवर दोन-तीन कंपन्यांच्या पाट्या, बोलणं मिठ्ठास. व्हॉट्सअ‍ॅपवर प्रत्येक भागाचं नाव आणि किंमत लिहून पाठवली. पैसे मी यूपीआयने दिले. पक्कं बिल मागितलं, तर “दीदी, सिस्टम डाउन है, कल भेज देता हूँ”, आणि तो ‘कल’ पुढे सरकतच राहिला. हातात आली ती फक्त ‘एस्टिमेट’ लिहिलेली चिठ्ठी.

मशीन घरी आलं, सुरू झालं, आणि डिस्प्लेच्या सेटिंगमधली रिझोल्यूशनची यादी १९२० बाय १०८० वर संपली. ३८४० बाय २१६० त्यात नव्हतंच. त्यामुळे प्रत्येक पिक्सेल ताणून मोठा व्हायचा आणि अक्षरं कापूस पिंजल्यासारखी दिसायची.

खरा खेळ इथून सुरू झाला. मी बिघाड सांगायचे, तो कारण सांगायचा, आणि प्रत्येक कारणाबरोबर एक विकायची वस्तू असायची.

आधी केबल. “दीदी, मॉनिटर के साथ वाली केबल लोकल होती है.” सोनेरी टोकांची, वर ‘८के’ छापलेली केबल गळ्यात पडली. फरक शून्य. पुढे कळलं की ४के साठ हर्ट्झला सेकंदाला १८ गिगाबिटची एचडीएमआय २.० वाट लागते आणि त्या केबलवर ‘प्रीमियम हाय स्पीड’ असं स्कॅन करता येणारं लेबल असतं. ४८ गिगाबिटच्या २.१ साठी ‘अल्ट्रा हाय स्पीड’. नुसतं ‘८के’ कुणीही छापू शकतो. त्याहून मुद्द्याची गोष्ट ही की कच्ची केबल असेल तर पडदा लुकलुकतो, ठिपके चमकतात, मध्येच चित्र जातं. यादीतून ४के गायब होण्याचं कारण बहुतेक वेळा केबलमध्ये नसतं, मशीन किंवा मॉनिटरच्या सेटिंगमध्ये असतं.

मग डिस्प्लेपोर्ट, म्हणजे एचडीएमआयसारखंच चित्र नेणारा दुसरा पोर्ट. मॉनिटरला तो होता, कार्डाला नव्हता. अस्सल १०५० टीआयवर साधारणपणे तो असतो हे मी म्हटलं, तर उत्तर आलं की हे मॉडेलच असं येतं. त्यावर उपाय म्हणून एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला डिस्प्लेपोर्ट असलेली केबल. लावली तर पडदा काळाच. अशा साध्या केबली एकाच दिशेने चालतात: कॉम्प्युटरच्या डिस्प्लेपोर्टमधून मॉनिटरच्या एचडीएमआयकडे. उलट जायचं तर वेगळी वीज घेणारा कन्व्हर्टर लागतो. ही माहिती बाजारातल्या कुठल्याही पोऱ्याला असते. त्याला नव्हती यावर माझा विश्वास नाही.

तिसरा हप्ता एसएमपीएसचा. फोटोशॉपमध्ये मोठं पान उघडलं की पडदा काळा व्हायचा आणि कार्डाचा पंखा घोंघावायचा. “पावर कम पड़ रहा है.” जुना एसएमपीएस त्याच दुकानातला, काही आठवड्यांचा, तो काढून मोठा बसवला, जुन्याचे पैसे ‘वापरलेला’ म्हणून निम्मे धरले. बसवताना त्याने कार्डाला सहा पिनांची जादा वीजवायर जोडली. १०५० टीआय ७५ वॅटचं कार्ड. मदरबोर्डाच्या स्लॉटमधूनच तेवढी वीज मिळते, त्यामुळे बहुतेक मॉडेलांना वेगळी वायर लागतच नाही. मी विचारलं, तो म्हणाला ओव्हरक्लॉक (जादा वेगाने चालणारी) एडिशन आहे.

दरम्यान वस्तू बदलून देण्याची त्याची स्वतःची मुदत निघून गेली. माझ्या मते हाच त्याच्या फसवणुकीचा मुख्य भाग होता. खोटं कार्ड विकणं एका क्षणाचं काम. त्यानंतर गिऱ्हाइकाला दुरुस्तीच्या नादी लावून आठवडे काढणं, आणि त्या आठवड्यांचेही पैसे घेणं, यात खरी कमाई होती.

गुंता सुटला तो भाच्यामुळे. तो इथेच एसजीएसआयटीएस या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकत होता. दिवाळीचा फराळ न्यायला आला आणि टेबलाखाली वाकून म्हणाला, “मावशी, ह्याला व्हीजीए कसा?” मग आपला लॅपटॉप माझ्या मॉनिटरला लावला, मॉनिटरबरोबर खोक्यात आलेल्या मूळ केबलने. पडदा लख्ख झाला. ३८४० बाय २१६०, साठ हर्ट्झ. म्हणजे मॉनिटर चांगला, ‘लोकल’ केबलही चांगली. “मावशी, तो तुला उल्लू बनवून राहिलाय,” एवढं बोलून त्याने चकल्यांचा डबा पुढे ओढला.

नंतर त्याने माझ्या मशीनवर जीपीयू-झेड हे फुकट मिळणारं छोटं सॉफ्टवेअर चालवलं. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘जीटीएक्स १०५० टीआय’ असंच दिसत होतं. जीपीयू-झेडने त्याच नावाआधी कंसात ‘फेक’ लिहून दाखवलं. २०१८ पासून त्यात ही सोय आहे. आत चिप निघाली जीएफ११६, फर्मी पिढीची, म्हणजे २०११ च्या जीटीएक्स ५५० टीआयवरची. अस्सल १०५० टीआयमध्ये ७६८ कूडा कोअर (चिपेतले हिशेब करणारे छोटे भाग) असतात, यात १९२.

करामत अशी असते. जुन्या, भंगारातल्या कार्डाच्या बायॉसमध्ये (कार्डात कायम साठवलेल्या मूळ प्रोग्राममध्ये) फेरफार करून त्याला खोटं नाव आणि खोटी मेमरी सांगायला शिकवतात. वर नवा पंखा, नवं स्टिकर, नवं खोकं. विंडोज कार्डाला त्याचं नाव विचारतं, कार्ड शिकवलेलं उत्तर देतं. माझी सगळी लक्षणं या एका गोष्टीने उलगडली. त्या काळच्या चिपेला एचडीएमआयवरून ४के पाठवताच येत नाही, म्हणून यादी १०८०वर संपत होती. ती ७५ नव्हे, ११६ वॅटची, म्हणून सहा पिनांची वायर आणि घोंघावणारा पंखा. मेमरी सांगितलेल्या ४ जीबीपेक्षा कितीतरी कमी, म्हणून मोठं पान उघडलं की काळोख. आणि एनव्हिडियाने फर्मीसाठीचे नियमित ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) एप्रिल २०१८ मध्येच थांबवले होते, त्यामुळे दुकानदार बजावायचा, “दीदी, ड्राइवर अपडेट मत करना, मशीन स्लो हो जाएगी.”

भाचा आणि मी दुकानात गेलो. लॅपटॉपवरचं चित्र दाखवलं. “अरे भिया, ये फोकट के सॉफ्टवेयर कुछ भी बताते हैं.” भाच्याने शांतपणे सांगितलं, मग शेल्फवरच्या दुसऱ्या मशीनवर चालवून बघू. त्यावर सूर बदलला: कंपनीकडून असाच माल आला, आम्ही काय करणार, आणि बिल कुठाय?

बिल नव्हतं, पण यूपीआयची नोंद होती आणि व्हॉट्सअ‍ॅपवर त्याच्याच नंबरवरून आलेली यादी होती, तीत कार्डाचं नाव आणि किंमत. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (आता तिचा नंबर १९१५) तक्रार नोंदवली आणि त्याला लेखी कळवलं की पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तिथे फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही, आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. या तिन्ही गोष्टी मी त्याला पाठवलेल्या पत्रात लिहिल्या होत्या. कायद्यापेक्षा त्याला बहुधा विना-बिल धंद्याची चौकशी नको होती. कार्डाचे सोळा हजार परत आले. केबली आणि एसएमपीएस यांवर “वो तो चालू माल है ना दीदी”, आणि खरंच, ते चालूच होते. सीझन तोंडावर होता, मी तिथे सोडलं. ते कार्ड मात्र त्याने माझ्यादेखत पुन्हा त्याच खोक्यात भरून काउंटरखाली सरकवलं. कुणाच्या तरी घरी ते गेलंच असणार.

पुढचं कार्ड दुसरीकडे घेतलं. बिलावर जीएसटी नंबर आधी पाहिला. मध्य प्रदेशातला असेल तर तो २३ ने सुरू होतो आणि पंधरा अक्षरांचा असतो. कार्डाचा सीरियल नंबर बिलावर लिहून घेतला, तोच खोक्यावर आणि कार्डावर आहे का ते जुळवलं. मॉनिटर रिक्षात घालून दुकानात नेला. लोक हसले, हसू देत. तिथेच ४के साठ हर्ट्झ दिसलं, जीपीयू-झेड चाललं, मग पैसे दिले. आधी पैसे आणि मग टेस्टिंग म्हणणाऱ्याकडे मी आता थांबत नाही.

घरी अशी अडचण आली तर कुणाला बोलावण्याआधी दुसरा एखादा लॅपटॉप त्याच केबलने त्याच मॉनिटरला लावून पाहा. मात्र त्या लॅपटॉपला साठ हर्ट्झला ४के देता येतं ना, हे आधी बघा. जुन्या एचडीएमआय १.४ वर ४के तीस हर्ट्झलाच अडकतं आणि माउस मागे मागे फरफटत येतो. काही मॉनिटरांच्या स्वतःच्या मेनूत एचडीएमआय १.४ की २.० हे निवडावं लागतं, तेही तपासा. अक्षरं फक्त बारीक किंवा किंचित धूसर दिसत असतील तर दोष विंडोजच्या स्केलिंगचा असू शकतो. २७ इंचांवर १५० टक्के ठेवलं की बरं वाचता येतं. हे सगळं तपासूनही यादीत ४के येत नसेल, तर कॉम्प्युटरच्या मागे वाकून सॉकेट बघा.

परवा शेजारच्या वहिनींच्या मुलाने ऑनलाइन मागवलेलं ‘नवं’ कार्ड दाखवलं. तेच नाव, तेच निळं सॉकेट, किंमत मात्र पुष्कळ खाली आलेली. परत करायची मुदत संपायला एक रात्र होती. आम्ही जीपीयू-झेडचं चित्र जोडून तेव्हाच अर्ज टाकला, आणि दोन-तीन दिवसांत माणूस येऊन कार्ड घेऊन गेला.