नॉर्विच मार्केट: खेड्यातून येणाऱ्यांचा बाजार

इंग्लंडच्या पूर्वेकडच्या नॉरफोक परगण्यात कुणी पहिल्यांदा येणार असलं की लोक कॅथेड्रल आणि नॉर्मन किल्ला बघा म्हणून सांगतात. मी आधी बाजारात पाठवते. नॉर्विच या इथल्या मुख्य शहराच्या मधोमध, सिटी हॉलच्या पायथ्याशी उतारावर जवळपास दोनशे स्टॉल आहेत, रंगीत पट्ट्यापट्ट्यांच्या छपरांचे. अकराव्या शतकात फ्रान्समधून नॉर्मन लोक आले, त्यांनी शहरातल्याच टूमलँड भागातला जुना बाजार इकडे आणला, आणि तो अजून इथेच भरतो. एका अंगाला सेंट पीटर मॅनक्रॉफ्ट चर्च, दुसऱ्या अंगाला चकमकीच्या दगडात बांधलेला पंधराव्या शतकातला गिल्डहॉल.

आम्ही आधी नॉरफोकमधल्याच रीफम या लहान गावाजवळच्या एका खेड्यात राहिलो, मग नॉर्विचला आलो. त्यामुळे या बाजारात मी बसने येणारी गिऱ्हाईक होते आणि आता चालत येणारी आहे. बाजाराची खरी किंमत मला बसच्या दिवसांत कळली.

रीफमची प्रवासी रेल्वे 1950 च्या दशकातच बंद झाली. रूळ होते तिथे आता मॅरियट्स वे नावाची चालायची नि सायकलची वाट आहे, फार सुंदर. पण त्या वाटेने शिवणाचं सामान येत नाही. खेड्यात अंडी मिळायची, तीही कुणाच्या तरी फाटकापाशी: खोक्यात अंडी, शेजारी पैशांचा डबा, माणूस कुणी नाही. हिवाळ्यात शुगर बीटचे ट्रॅक्टर रस्ताभर चिखल सांडत जायचे. बाकी काहीही हवं असलं की शनिवारची बस. चाकांच्या पिशव्या घेतलेल्या आज्या पुढच्या बाकांवर, आणि ड्रायव्हरला प्रत्येकीचा थांबा पाठ. माझ्या शेजारच्या आजींना पुढे पुढे बस चढवेना, तेव्हा त्या मला यादी द्यायच्या. करडी लोकर, घड्याळाचा सेल, पांढरं इलॅस्टिक, आणि सगळ्यात खाली, ‘मटार खाऊन ये’.

ती अख्खी यादी या एका बाजारात पुरी व्हायची. माझ्या मुलाच्या कोटाची झिप बिघडली तेव्हा एका मोठ्या दुकानात मला सरळ नवा कोट घ्यायला सांगितलं होतं. बाजारातल्या शिवणसामानाच्या स्टॉलवरच्या बाईंनी कोट उलटा केला, झिपचे दाते बोटाने तपासले आणि म्हणाल्या, झिप ठणठणीत आहे, नुसता स्लायडर गेलाय. पक्कडीने तिथल्या तिथे नवा बसवून दिला. घेतले ते फक्त स्लायडरचे पैसे. मागे रांग होती, पण कुणी चुळबुळ केली नाही. या बाजाराला मी पूर्ण गुण देते ते अशा गोष्टींसाठी. इथे विकणाऱ्याला आपला माल कळतो, आणि एक बटण घेणाऱ्यालाही तो वेळ देतो.

आता मासळीबद्दल, कारण आपल्या लोकांना त्यातच रस असतो. नॉरफोकच्या उत्तर किनाऱ्यावर क्रोमर आहे. तिथे समुद्राच्या तळाशी चॉकचा खडक आहे आणि त्यावरचे खेकडे आकाराने लहान पण आतून गच्च भरलेले, चवीला गोड. हंगाम साधारण वसंतापासून शरदापर्यंत. मात्र हे खेकडे उकडलेलेच मिळतात. ‘ड्रेस्ड’ मागितला की पांढरं आणि तपकिरी मांस साफ करून परत कवचात भरून देतात. त्याचा रस्सा करायला जाऊ नका. ब्राउन ब्रेड, लोणी, लिंबू, मिरपूड, बस्स. तपकिरी मांस बघून नाक मुरडणारे पुष्कळ भेटतात, पण खरी चव त्यातच आहे.

उन्हाळ्यात, हे खेकडे मिळतात त्याच मासळीच्या स्टॉलवर सॅम्फायर दिसेल. खाडीकाठच्या खाऱ्या चिखलात उगवणारी हिरवीगार, रसरशीत काडी. मूठभर घ्या. मीठ न घालता दोन-तीन मिनिटं उकळा, वर लोणी घाला, आणि देठ धरून दातांनी ओढून खा. मीठ घालू नका हे मला मासेवाल्यानेच बजावलं होतं, पिशवी हातात देण्याआधी.

आणि मटार. वाळवलेले मॅरोफॅट, म्हणजे मोठ्या दाण्याचे, मटार भिजवून मऊ गिचका होईपर्यंत शिजवतात, त्यावर मिंट सॉस म्हणजे पुदिना, व्हिनेगर आणि साखर. दिसायला काही नाही. पण जानेवारीत, बोटं बधिर झालेली असताना, तिथे उभ्याने खाऊन बघा. माझ्या एका बाजूला बूटभर चिखल घेऊन आलेला शेतकरी असायचा, दुसऱ्या बाजूला सिटी हॉलमधला टायवाला, आणि दोघं पावसावर बोलत असायचे. नॉरफोकची माणसं पटकन बोलत नाहीत असं म्हणतात. या स्टॉलपाशी बोलतात.

शहरात राहायला आल्यावर माझा बाजार बदलला. शनिवारची गर्दी टाळून मधल्या वारी जाते, भाजी थोडी थोडी घेते आणि समोर फोरम नावाच्या इमारतीतल्या लायब्ररीत बसते. (जुनी लायब्ररी 1994 मध्ये जळाली, ही 2001 पासूनची. मुलांचा विभाग जरूर बघा.) आता जेवणाचे स्टॉल खूप वाढलेत, देशोदेशीचे, दुपारी विद्यार्थ्यांच्या रांगा लागतात. चांगलं आहे, बाजार चालला पाहिजे. पण मनापासून सांगते, नुसतं खाऊन परतू नका. लोकर, झिपा, चाव्या, घड्याळं दुरुस्त करणारे हे स्टॉल गिऱ्हाइकावरच जगतात, आणि खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना दुसरी सोय नाही.

जायचं तर सोमवार ते शनिवार, शक्यतो सकाळी. गल्ल्या अरुंद आहेत, बाबागाडी असेल तर दुपारची वेळ नको. सुटे पैसे जवळ असू द्या. खेड्यातून येत असाल तर बसचं एकेरी तिकीट सध्या जास्तीत जास्त 3 पौंड आहे. शेवटच्या बसची वेळ आधी बघून ठेवा, ती फार लवकर सुटते. आणि खेकडा सगळ्यात शेवटी घ्या, बर्फ मागून घ्या.